नारळ आणि श्रीफळ

भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झाली, भारे खळ्यावर येऊन पडले आणि माहुलीच्या सुळक्यांवर सकाळचे धुके उशिरापर्यंत रेंगाळू लागले, की आटगावच्या परिसरात क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. धसकटे उपटून, ढेकळे फोडून आणि पाणी शिंपडून चोपलेली ती पट्टी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चिखलणीखाली जाणार हे ठाऊक असूनही, मुले ती एखाद्या देवघराच्या जमिनीइतक्या आस्थेने सारवून काढतात. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, शनिवारी, अशीच एक पट्टी तयार होती. परंतु त्या दिवशी तिच्यावर चेंडू पडला नाही. खेळणारे सारे स्टेशनाजवळच्या एका दुकानातील दूरचित्रवाणीसमोर उभे होते, त्यांच्यामागे त्यांचे वडीलधारे उभे होते, आणि ज्यांना कल्याणकडे जायचे होते अशा काहींनी समोरून निघून जाणारी लोकल गाडी शांतपणे जाऊ दिली होती. वानखेडे मैदानावर वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना एक डाव आणि १२६ धावांनी जिंकून झाला होता, आणि चोवीस वर्षे खेळलेला एक माणूस, कुणाचे नाव विसरू नये म्हणून हातात यादी घेऊन, बोलण्यासाठी उभा राहिला होता.

त्या गर्दीत मीही होतो. सचिन तेंडुलकरांनी आपल्या दिवंगत वडिलांचे नाव प्रथम उच्चारले तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते. ज्याच्यासाठी त्याने ती टोपी काढली तो तर पडद्यापलीकडे, सुमारे शंभर किलोमीटरांवर होता, आणि ही गोष्ट त्याला कधीही कळणार नव्हती. जो सामना संपला आहे, ज्याचा निकाल लागला आहे आणि जो खेळाडू यापुढे आपल्याला एक धावही देणार नाही, त्याच्यापुढे मनुष्य उभा राहतो तो कशासाठी, हा प्रश्न त्या टोपीने माझ्या मनात रुजवला. शोध घेता घेता असे ध्यानात आले, की जाणाऱ्या खेळाडूला कृतज्ञतेने निरोप देण्याची ही भावना आपल्या समाजात फार जुनी नाही. ती हळूहळू, अनेक वेळा चुकत माकत, घडत आलेली आहे.

पूर्वी खेळाडूचा गौरव हा आश्रयदात्याचा अधिकार होता. मल्ल हा दरबाराचा मल्ल असे. त्याची खुराकाची नेमणूक सरकारी दफ्तरात नोंदलेली असे, आणि त्याने कुस्ती मारली की फेटा, कडे, गदा किंवा रोख इनाम त्याच्या पदरी पडे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो उदार आश्रय दिला, आणि १९१२ साली खासबागेचे जे भव्य मैदान उभे केले, त्यामुळे सामान्य रयतेलाही कुस्ती बसून पाहण्याचे सुख लाभले, हे त्या राजाचे मोठेच ऋण होय. परंतु त्या व्यवस्थेतही इनाम हे विजयाचा मोबदला होते. हरलेल्या, थकलेल्या, मातीतून कायमच्या उठून जाणाऱ्या मल्लाला काय द्यावे, याचे कलम कोणत्याही सनदेत नव्हते. राजा कनवाळू असेल तर निर्वाह चाले. पण तो आश्रय होता, कृतज्ञता नव्हे, आणि या दोहोंत अंतर आहे. आश्रय वरून खाली येतो. कृतज्ञतेला उंची लागत नाही; ती सपाटीवरून, किंबहुना खालूनही, दिली जाते.

ती पहिल्यांदा खालून दिली गेली याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले गोलंदाज. पुण्यात ज्यांच्यासाठी ते चेंडू टाकीत, तेच लोक त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातून त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, आणि ते परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार करून त्यांना मानपत्र अर्पण केले. त्या मानपत्राचे लेखन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने केले होते, असे सांगितले जाते. ज्यांच्याजवळ देण्यास ना जमीन होती ना जडजवाहीर, त्यांनी शब्द दिले. इनामात देणाऱ्याची ऐपत दिसते. मानपत्रात, तो खेळाडू आपल्या आयुष्यात कोण होता, हे देणाऱ्याला सांगावे लागते. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूंना अखेरपर्यंत मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. संस्थांनी जे नाकारले ते माणसांनी आपल्या कुवतीप्रमाणे आधीच देऊन टाकले होते, आणि माझ्या मते आपल्याकडील क्रीडाप्रेमाच्या इतिहासातील ती एक निर्णायक घटना आहे.

तथापि तो सत्कार आगमनाचा होता, प्रस्थानाचा नव्हे. येणाऱ्याचे स्वागत करणे आम्हांला नेहमीच चांगले साधले आहे. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतले कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत त्यांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. आपल्या घरची बैलजोडी जुंपून, शिंगे रंगवून, एका मल्लासाठी दिवसभराचे काम मोडणाऱ्या त्या शेतकऱ्यांचे प्रेम अस्सल होते यात शंका नाही. पण याच खाशाबांनी पुढे पोलीस खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली, ते निवृत्त झाले, १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मरणानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. गाड्या जुंपणारी माणसे कृतघ्न नव्हती. विजयी वीर वेशीवर येतो तेव्हा काय करावे, हे त्यांना परंपरेने शिकवले होते. तोच वीर खेळ सोडून घरी बसतो तेव्हा काय करावे, हे शिकवणारी परंपराच नव्हती.

या उणिवेची साक्ष खुद्द आपली भाषा देते. आपण ज्याचा सन्मान करतो त्याला शाल आणि श्रीफळ देतो. ज्याला कामावरून दूर करतो त्याला ‘नारळ दिला’ असे म्हणतो. फळ एकच. जत्रेतल्या आखाड्यात कोवळ्या पोराच्या पहिल्या कुस्तीवर लावतात तोही नारळच असतो, आणि तो छातीशी धरून घरी धावत जाणाऱ्या त्या पोराला पुढे कधी तरी दुसऱ्या अर्थाचाही नारळ मिळणार असतो. म्हणजे नारळ देण्याचे आपल्याला वावडे नाही. तो कोणत्या मनाने दिला गेला, यावर तो श्रीफळ ठरतो की नुसता नारळ, हे अवलंबून राहते. विजय मांजरेकरांनी १९६५ साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध शतक काढले, आणि त्यानंतर त्यांची कसोटी संघात पुन्हा निवड झाली नाही. शतकाच्या टाळ्या हाच त्यांचा निरोप होता, परंतु टाळ्या वाजविणाऱ्यांना ते माहीत नव्हते. विजय मर्चंटांचेही तसेच. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि कसोटी कारकीर्द तेथेच थांबली.

निरोप द्यायचा तर तो शेवटचा दिवस आहे, हे आधी कळावे लागते. इंग्लंडमध्ये ही रीत आपल्याआधी रूढ झाली. काउंटी क्रिकेटमध्ये दीर्घकाळ सेवा केलेल्या धंदेवाईक खेळाडूच्या साहाय्यार्थ एखाद्या सामन्याचे उत्पन्न देण्याची पद्धत जुनी आहे, आणि १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटीत खेळायला आले तेव्हा प्रतिस्पर्धी कर्णधार यार्डली यांनी आपल्या खेळाडूंना गोळा करून त्यांचा जयघोष केला. दुसऱ्याच चेंडूवर हॉलीजने ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवला. केवळ चार धावा हव्या होत्या. त्या झाल्या असत्या तर सरासरी शंभर भरली असती, ती ९९.९४ वर राहिली. या शून्याबद्दल लोक हळहळतात. मला मात्र त्यात या कल्पनेचे परिपक्व रूप दिसते. कारण गौरव आधी झाला होता आणि शून्य नंतर आले, आणि त्या शून्याने गौरवातली एक पैही वजा झाली नाही. इनामाच्या हिशेबात हे बसणारे नव्हते.

आपल्या मुंबईला हे चटकन साधले असे नाही. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना होता. त्या दिवशी सुनील गावसकर चार धावा काढून डीफ्रीटसच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले, भारत ३५ धावांनी हरला आणि गावसकरांचा आंतरराष्ट्रीय खेळ त्यांच्या स्वतःच्या शहरात संपला. ज्याने त्याच वर्षी मार्चमध्ये कसोटीतील दहा हजारावी धाव घेतली होती, त्याला त्याच्या घरच्या प्रेक्षकांनी द्यायचा निरोप त्या संध्याकाळी पराभवाखाली दबून गेला. विजयाशी बांधलेले प्रेम विजय नसला की मुके होते. पुढे सव्वीस वर्षांनी त्याच मैदानावर जे घडले त्यात, त्या राहून गेलेल्या निरोपाची काहीशी फेड असावी असे मला वाटते.

२०१३ चा तो सामना निर्दोष नव्हता, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पहिल्या दिवशी मुरली विजय बाद झाला तेव्हा मैदानात आनंदाचा कल्लोळ उठला, कारण आता सचिन येणार होता. आपल्याच संघाचा गडी पडल्याचा हर्ष व्हावा, यात प्रेमाचा अतिरेक आहे आणि त्या तरुण फलंदाजावर अन्यायही आहे. पण दुसऱ्या दिवशी ७४ धावांवर डेव्हनरीनच्या चेंडूवर सॅमीने झेल घेतला, आणि क्षणभर सारे मैदान निःशब्द होऊन मग उभे राहिले, तेव्हा त्या टाळ्यांत शतक हुकल्याची तक्रार नव्हती. मुलाला मैदानात खेळताना प्रथमच पाहणारी आई तेथे बसली होती. गुरू रमाकांत आचरेकर आले होते. सर्व भाषणे झाल्यावर, सहकाऱ्यांच्या खांद्यावरून मैदानाची फेरी झाल्यावर, तो माणूस एकटाच खेळपट्टीपाशी गेला, वाकला, तिला हात लावून तो हात त्याने कपाळाला लावला. प्रेक्षक ज्याला वंदन करीत होते, तो स्वतः मातीला वंदन करीत होता. आटगावच्या दुकानातला गलका त्या क्षणी थांबला. कारण चोपलेल्या खाचरावर पहिला चेंडू टाकण्यापूर्वी आमची मुलेही नेमके हेच करतात.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. गणपतीलासुद्धा पुन्हा येण्याचे वचन घेऊनच पाण्यात सोडतात. निवृत्त होणारा खेळाडू हा असा एकच पाहुणा आहे, ज्याला ‘येतो’ म्हणता येत नाही. त्याचे आयुष्य पुढे चालू असते, परंतु त्याच्यातला जो आपला होता तो परत येणार नसतो. आणि त्याच्याबरोबर आपलीही काही वर्षे निघून जातात. १९८९ साली कराचीच्या मैदानावरचा तो सोळा वर्षांचा पोरगा ज्यांनी पाहिला, ते २०१३ मध्ये केस पिकलेले बाप होते. टोपी काढणारा तो शेतकरी, माझ्या समजुतीप्रमाणे, धावांचे आभार मानीत नव्हता. चोवीस वर्षे खळ्यावर, गाडीत, हॉटेलात, कचेरीच्या ओट्यावर ज्याची ख्यालीखुशाली त्याने घरच्या माणसासारखी विचारली, त्या सोबतीचे तो आभार मानीत होता. इनामापासून मानपत्रापर्यंत आणि मिरवणुकीपासून त्या टोपीपर्यंत या भावनेचा जो प्रवास झाला, त्यात देणाऱ्याच्या हातातली वस्तू क्रमाक्रमाने नाहीशी होत गेली.

आता एक जवळची गोष्ट. आमच्या पंचक्रोशीत एक कबड्डीपटू होता. अठरा-वीस वर्षे तो गावाच्या संघातून डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याच्या पकडीतून घोटा सोडवून घेणे शहापूर-मुरबाडच्या भल्याभल्या चढाईपटूंना जमत नसे. भाताच्या शेतीवर आणि मिळेल त्या मजुरीवर त्याचे घर चाले. सामना रात्री आणि काम सकाळी. एका वर्षी गुडघा साथ देईनासा झाला, आणि दुसऱ्या वर्षीच्या सामन्यांत तो दोरापलीकडे, गुणलेखकाच्या टेबलामागे, शांतपणे उभा असलेला दिसला. त्याच्या जागी एक नवा मुलगा होता. ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे वाचून झाली, पाहुण्यांना शाली घालून झाल्या, नारळ वाढवून झाला. त्याचे नाव कोणी घेतले नाही. तो निवृत्त झाला असे म्हणण्याचीही सोय नव्हती, कारण निवृत्त व्हायला आधी कोणी तरी नेमणुकीचा कागद करावा लागतो. मी दोराला लागूनच उभा होतो. मीही बोललो नाही. ती रात्र मला अद्याप टोचते.

म्हणून या भागातील सर्व मंडळांना, स्पर्धा भरविणाऱ्यांना आणि दोराभोवती उभे राहणाऱ्या सर्वांना माझी मनःपूर्वक विनंती आहे. या हंगामाच्या शेवटच्या रात्री, अंतिम सामन्यापूर्वी दोन मिनिटे खेळ थांबवा. ज्याचे हे शेवटचे वर्ष आहे, किंवा ज्याचे शेवटचे वर्ष आपल्या न कळत होऊन गेले आहे, त्याला नावाने पुकारून मध्यरेषेवर बोलवा. शाल नसली तरी चालेल. त्याच्या हातात एक नारळ द्या, आणि तो कशासाठी देतो आहोत हे सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.