आधी समाज, मग सिनेगॉग

बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजाचे पहिले सिनेगॉग मुंबईच्या मांडवी भागात १७९६ साली उभे राहिले. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हाराहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ते ‘जुनी मशीद’च झाले, आणि जवळच्या मशीद रेल्वे स्थानकाचे नाव याच मशिदीवरून पडल्याचे सांगतात. त्याआधी कित्येक शतके हा समाज कोकणात सिनेगॉगवाचून नांदत होता. धर्म टिकवण्यासाठी सिनेगॉगच लागते असे नाही, हे त्याच्या इतिहासातून दिसते. मग ते उभारल्याने नेमके काय बदलले, हा प्रश्न उरतो.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी समाजाची मूळकथा आहे. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावे गावांवरूनच आली. हिब्रू विसरली होती. उरली होती ती ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना, मुलांची सुन्नत, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि सण. सणांची नावे पूर्ण मराठी होती: वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’, घराची दारे लावून उपास करण्याचा प्रायश्चित्ताचा दिवस ती ‘दारफाळणी’, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा तो वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’. पंचांग घरात होते, धर्म स्वयंपाकघरात होता.

सिनेगॉग नसण्याची कारणे व्यवहारातली होती. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते, आणि गावात तेल्यांची घरे असत मोजकी. तोराची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती, ती वाचणाराही नव्हता. परंपरेनुसार दावीद रहाबी या विद्वानाने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसांना शिकवून तयार केले. तेच पुढे काजी झाले. गावोगाव फिरून लग्ने लावणे, सुन्नत करणे आणि तंटे तोडणे हे त्यांचे काम. संस्था फिरती होती, कारण समाज विखुरलेला होता.

मुंबईने हे चित्र बदलले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कोकणातील कुटुंबे शहरात येऊ लागली. कोणी कारागिरीत शिरले, पुष्कळजण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत. एका मोहल्ल्यात माणसे एकवटली आणि हाती रोख पगार आला. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, हे अशाच पलटणीतले अधिकारी. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधण्याचा त्यांनी नवस केला, असे सांगतात. नवसाची कथा खरी मानली तरी तो फेडण्याजोगी वस्ती आणि पैसा मुंबईतच होता. आजही त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.

इमारतीबरोबर कारभार आला. मुकादम हा प्रमुख, त्याच्या मदतीला चौगुले, हिशेबाला गब्बाई, प्रार्थना चालवायला हज्जान, देखभालीला शम्माश. यातली पहिली दोन पदे कोकणच्या गावगाड्यातली, बाकीची हिब्रू परंपरेतली. एकाच पंचायतीत ती शेजारी बसली. पुढे शहरात ‘नवी मशीद’ झाली आणि ओघ उलट कोकणाकडे वळला: अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. अलिबागेत सिनेगॉगच्या परिसराला ‘इस्रायल आळी’ हे नाव मिळाले.

सिनेगॉगमुळे शिक्षणाची गरज निर्माण झाली, कारण आता वाचायला तोरा होता. कोचीनचे यहुदी शिक्षक आले. दुसरी मदत अनपेक्षित दिशेने आली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हेतू धर्मांतराचा होता. पण ज्यांच्यासाठी ते लिहिले, त्यांनी त्यातून आपलीच प्रार्थना वाचायची तयारी केली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली, आणि १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा सुरू झाली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हग्गादातले, म्हणजे वल्हांडणाच्या विधिपुस्तकातले, एक चित्र या सगळ्याचे सार सांगते. वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीची तयारी चालली आहे; ती लाटणाऱ्या आणि भाजणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसून जमिनीवर बसल्या आहेत. विधी जगभरच्या यहुद्यांचा, बैठक मात्र कोकणची. हिब्रू ज्ञान वाढले तसे मराठी मागे पडेल, असे वाटले असते, घडले उलटे. १८८०नंतर बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

घरचा धर्मही सिनेगॉगने गिळला नाही. नवस फेडताना किंवा मंगलप्रसंगी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे ताटात मांडून गीत म्हटले जाते. यासाठी ना हेखाल, म्हणजे तोराचे कपाट, लागते ना तेबा, म्हणजे वाचनाचा चौथरा. तरी मलिदा समाजाची खूण ठरला.

जुन्या सिनेगॉगविरहित काळाचा हिशेब विसाव्या शतकात पुन्हा मागितला गेला. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली: धर्मगुरूंवाचून राहिलेल्या शतकांत विवाह-घटस्फोटाचे नियम पाळले गेले होते का? आंदोलन झाले आणि १९६४ साली इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. २०११च्या जनगणनेत देशभरातील यहुदी साडेचार हजारांच्या आसपास होते, त्यामुळे काही सिनेगॉगांत दहा पुरुष जमवणे पुन्हा कठीण झाले आहे. सिनेगॉगने या समाजाला लिखित परंपरा, कारभार आणि जगभरच्या यहुद्यांशी नाते दिले. पण त्याला जन्म देणारी वस्ती आटली की ते एकटे समाज धरून ठेवू शकत नाही. ओळख टिकवण्याचे काम तेव्हा पुन्हा घराकडे येते. कोकणात ते घरानेच केले होते.