दान, उत्सर्ग आणि घरातले लिनक्स

जी वस्तू विकत घेतलेली नाही, चोरलेली नाही आणि कोणी नाव घेऊन हातावर ठेवलेलीही नाही, ती घरात रोज वापरली जात असेल तर वापरणाऱ्याचे तिच्याशी नाते काय, हा धर्मशास्त्राला मुळीच नवा नसलेला प्रश्न आता नांदेड-लातूरच्या घरगुती संगणकापाशी येऊन ठेपला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागत असल्यामुळे धडधाकट चालणाऱ्या अनेक जुन्या संगणकांना ती वाट बंद झाली. अशा संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवरून बसवता येते. मुक्त म्हणजे जिचा सोर्स कोड, अर्थात माणसाला वाचता येईल असा प्रोग्रामचा मूळ मजकूर, पाहण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना आहे अशी. विंडोजची विनापरवाना प्रत बसवून घेण्याचा दुसरा मार्ग अस्तेयाच्या, म्हणजे दुसऱ्याचे न घेण्याच्या, व्रताशी विसंगत आहे, आणि त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मुक्त प्रणालीला सहजपणे दान म्हटले जाते, परंतु शास्त्राच्या कसोटीवर ते दान ठरत नाही. देणाऱ्याने वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडून ते घेणाऱ्याच्या ठायी उत्पन्न करणे, ही धर्मशास्त्रावर संग्रहग्रंथ लिहिणाऱ्या निबंधकारांची दानाची व्याख्या आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातून १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना आला, आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा, १९९२ पासून त्याच परवान्याखाली आहे. या परवान्यात लेखकाचे स्वत्व सुटत नाही आणि घेणाऱ्याकडे ते जातही नाही. धर्मशास्त्राचे इतिहासकार महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी दानापासून वेगळा काढून दाखवलेला उत्सर्ग, म्हणजे विहीर किंवा तळे सर्व प्राणिमात्रांसाठी वाहून देणे, येथे अधिक जवळचा आहे, कारण उत्सर्गात कोणी एक घेणारा नसतो आणि देणाऱ्यालाही इतरांबरोबर ते पाणी पिता येते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला सामाईक पाण्याचे मोल समजावण्याची गरज नाही. मात्र उत्सर्ग केलेल्या विहिरीला उद्या कोणी कुंपण घातले तर स्वत्व सोडून बसलेल्या दात्याच्या हाती काही उरत नाही. परवान्याचा कर्ता स्वत्व राखतो ते याच भयाने: बदललेली प्रत वाटणाऱ्याने ती त्याच मुभांसह वाटली पाहिजे, ही अट स्वत्वाच्या बळावरच उभी आहे. भोगासाठी नव्हे, तर राखणीसाठी धरून ठेवलेले हे स्वत्व जुन्या वर्गीकरणात नेमके कोठेच बसत नाही, आणि म्हणूनच ते विचार करण्याजोगे आहे.

राखणीची ही चिंता मराठवाड्याच्या चांगल्या ओळखीची आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी दिली. परवाना भर घालू देतो, पण बदल कोणी व कधी केला हे स्पष्ट नोंदवायला लावतो. मार्ग उलटे असले तरी वाचकाला मूळ कोणते आणि भर कोणती हे कळले पाहिजे, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे.

मग घरात बसून नुसते वापरणाऱ्यावर काही येते काय? कायद्याने काहीच येत नाही, कारण प्रोग्राम चालवण्यावर परवान्याची अट नाही. तैत्तिरीय संहितेतील तीन ऋणांपैकी ऋषिऋण मात्र येथे लागू पडते. ते अध्ययनाने फिटते, आणि ज्याच्याकडून आले त्याला परत न करता पुढच्याला देऊनच फिटते. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही त्यालाही हे शक्य आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘दऱ्या’ लिहिताना शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो, पुढे हलन्त आणि ‘य’. तो जोड पडद्यावर फुटला, किंवा ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाचे उमटले, तर ते मराठी वाचणाऱ्याच्याच डोळ्यांना खुपते आणि त्यानेच कळवायचे असते. रेड हॅट या कंपनीने २००४ साली खुले केलेले लोहित टंक असोत की मेनूंचे मराठी भाषांतर असो, अशा कळवण्यावाचून ते सुधारत नाहीत. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याची जात विचारली जात नाही, आणि जेवून उठलेला माणूस भांडी घासायला बसला तर त्याने जेवणाची किंमत चुकवली असे कोणी मानत नाही. त्या कामाला तेथे सेवा म्हणतात, आणि चूक कळवणे हे त्याच प्रकारचे काम आहे.

एक आक्षेप गंभीर आहे. लिनक्सच्या गाभ्यावरील बरेचसे काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते त्या कंपन्यांच्या गरजेपोटी करतात. मग त्यांच्या स्वार्थातून उतरलेल्या वस्तूचे ऋण लातूरच्या विद्यार्थ्याने का मानावे? उत्सर्गाच्या विचारात दात्यालाही पाणी पिण्याची मोकळीक असल्यामुळे त्याच्या स्वार्थाने उत्सर्ग दूषित होत नाही, आणि पिणाऱ्याचे ऋण दात्याच्या हेतूवर ठरत नाही. तरीही हे ऋण सर्व देणाऱ्यांप्रती सारखे नाही, असे म्हणावे लागते. अभियंत्याला त्याचा मोबदला मिळालेला असतो. मराठी मेनूतला एकेक शब्द रात्री बसून विनामोबदला बसवणाऱ्या भाषांतरकाराला तो मिळालेला नसतो, आणि मराठी घर आधी त्याचे देणे लागते.