रांग आणि कोटा

दिवाळीच्या फराळाला आलेले एक शेजारी चकली मोडता मोडता म्हणाले, "आमचा मुलगा बारा वर्षं तिकडे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, आणि ही माणसं भिंतीवरून उड्या मारून आत जातात! पूर्वी असं नव्हतं हो. ते ज्यू बघा, कसे कायद्याने आले आणि मोठे झाले." मी चहा पुढे केला. सणासुदीला पाहुण्याशी वाद घालू नये. पण ते 'कायद्याने' दातात अडकलेल्या चकलीच्या कणासारखं सलत राहिलं.

हिटलर, छळछावण्या, १९३९ साली ९३७ प्रवासी घेऊन हवानाला गेलेलं आणि बहुतेकांना घेऊन युरोपला परतावं लागलेलं 'सेंट लुईस' जहाज, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला त्याआधीचं सांगायचंय. १९२१ मध्ये अमेरिकेने देशवार कोटा बसवला : १९१० च्या जनगणनेत ज्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या तीन टक्के. १९२४ मध्ये तिनाचे दोन टक्के झाले आणि जनगणना धरली ती १८९० ची. कारण उघड होतं. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची मोठी लाट त्या सालानंतरची. पोलंडच्या वाट्याला वर्षाला ५,९८२ जागा आल्या. १८९० मध्ये पोलंड नावाचा देश नकाशावरही नव्हता, तरी हिशेब जमवला गेला. कोट्याच्या हिशेबात 'ज्यू' असा रकाना नाही. त्याची गरजच पडली नाही.

आपण रांग आणि कोटा यांत गल्लत करतो. रांगेत तुम्ही किती वेळ उभे आहात ते मोजतात, कोट्यात तुम्ही कुठे जन्मलात ते. धीर धरला तर रांगेत नंबर लागतो. जन्मगाव काही धीराने बदलत नाही.

आणि रांगच हवी असेल, तर हवानाची घ्या. क्यूबा, मेक्सिको, कॅनडा अशा देशांत सलग एक वर्ष राहिलेल्याला १९२१ चा कोटा लागू नव्हता. तशी सूट कायद्यातच होती. म्हणून पूर्व युरोपातले हजारो ज्यू क्यूबात उतरले आणि दिवस मोजू लागले. १९२२ मध्ये एका वर्षाची पाच झाली. १९२४ मध्ये सूट त्या देशांत जन्मलेल्यांपुरतीच उरली. माणसं जागच्या जागी उभी होती, रांगच उठली होती. मग कुणी रात्री होडीने फ्लोरिडाला उतरलं, कुणी खोटा व्हिसा घेतला, कुणी मेक्सिकोची सीमा ओलांडली.

जाता जाता आपलंही सांगतो. १९२४ च्या कायद्यात हिंदुस्थानला वर्षाला शंभर जागा होत्या. पण वर्षभरापूर्वीच भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिकत्वाला पात्र नाही, असं ठरवलं होतं. त्यामुळे पुण्यात जन्मलेल्या इंग्रजाला त्या जागा खुल्या होत्या, पुणेकराला नाही. ही गंमत शेजाऱ्यांना सांगायलाच हवी होती.

ते म्हणतील, "अन्याय असेल, पण चोरी ती चोरीच." यावर माझं उत्तर तयार होतं : ते ज्यू मरणापासून पळत होते. लिहायला बसलो आणि ते उत्तर कोलमडलं. २६ मे १९२४ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी कायद्यावर सही केली, तेव्हा हिटलर लांड्सबर्गच्या तुरुंगात होता. त्यांच्यात दंगलींनी पोळलेले होते, पण भावाच्या शिवणकामाच्या दुकानात हात लावायला किंवा नवऱ्याकडे निघालेलेही होते. त्यांना आणणारे दलाल काही संत नव्हते. अमेरिकेतल्या ज्यू संस्थाही या चोरवाटेची उघड बाजू घेत नव्हत्या. तेव्हा शेजाऱ्यांचं एवढं मान्य : कायदा मोडला होता.

पण मोडलेल्या कायद्याचं पुढे काय झालं? २ मार्च १९२९ च्या कायद्याने, ३ जून १९२१ पूर्वी आलेल्या, सचोटीने राहिलेल्या पण नोंद नसलेल्या माणसाला वीस डॉलर भरून नोंद करून घेता येऊ लागली. अवघ्या दोन दिवसांनी, ४ मार्चला, चोरून देशात शिरणं हा फौजदारी गुन्हा ठरला. एका हाताने माफी, दुसऱ्या हाताने बेडी, आणि मधे एक तारीख. मी या माणसांना निर्दोष ठरवायला निघालो होतो. आता म्हणतो, दोष होता. पण दोषालाही मुदत असते, हे अमेरिकेच्या कायद्याने स्वतःच मान्य केलं होतं. ज्या देशात माणसाने घर केलं, पोरं वाढवली, तिथे त्याला जन्मभर 'घुसलेला' म्हणणं न्यायाचं नाही.

शेजाऱ्यांच्या मुलाचंही वाईट वाटतं. तो रांगेत आहे खरा, पण ती रांग कोट्याच्या पोटात आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. देश भारत असो की माल्टा, टक्के तेवढेच.

१९२९ चं ते माफीचं कलम अजून पुस्तकात आहे. त्यातली तारीख १९८६ मध्ये पुढे सरकवून १ जानेवारी १९७२ केली. त्यानंतर ती हललेली नाही.