‘मम्मी, मध्येच कसं सोडू?’

धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एक आई भेटायला थांबली. मुलगा नववीत. अभ्यासात बरा, स्वभावाने गरीब. ‘‘पण सर, हातात मोबाईल आला की हा आमचा राहतच नाही,’’ ती म्हणाली. रात्री साडेनऊला ती जेवायला हाक मारते. एकदा, दोनदा, पाचदा. आतून एकच उत्तर येते, ‘‘मम्मी, मध्येच कसं सोडू?’’ त्या आठवड्यात वडील लोकलच्या गर्दीतून दमून घरी आले आणि त्यांनी मोबाईल हिसकावून घेतला. मुलगा अंगावर धावून गेला. हात उगारला नाही, पण उगारल्यासारखेच झाले. तेव्हापासून घरात बाप-लेक बोलत नाहीत. जाता जाता तिने विचारले, ‘‘याला कन्फेशनला पाठवू की डॉक्टरकडे?’’

मला लगेच उत्तर देता आले नाही. पाप म्हणायचे तर त्याला थांबता येत होते आणि तो थांबला नाही, असे म्हणावे लागते. आजार म्हणायचा तर थांबणे त्याच्या हातातच नव्हते. मग रागावायचे तरी कोणावर?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या कसोट्या मात्र कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, रोजच्या कामांपेक्षा आणि इतर आवडींपेक्षा खेळ वरचढ झालेला हवा, नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहायला हवे, आणि हे सगळे साधारणपणे बारा महिने टिकायला हवे. मुलगा रात्र-रात्र जागत असेल, शाळा सुटली असेल, तर उपदेश बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळा दवाखाना आहे, आणि सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. त्यात लाज वाटून घेण्यासारखे काही नाही.

या मुलाचे प्रकरण तिथवर गेलेले नव्हते. तो रोज शाळेत जातो, फुटबॉल खेळतो, नाताळात गोठा बांधायला सगळ्यांच्या पुढे असतो. पुढच्या रविवारी तो एकटा भेटला तेव्हा मी विचारले, ‘‘मध्येच का सोडता येत नाही रे?’’

त्याने आधी संशयाने पाहिले. मग असे काही समजावून सांगितले की जणू नववीत मीच आहे. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. सुरक्षित जागा हळूहळू आकसत जाते, बाहेर राहील तो मरतो. चौघांची एक तुकडी असते, एकाने दुसऱ्याला सांभाळायचे असते. एक मॅच पंचवीस-तीस मिनिटे चालते आणि ती मधे थांबवून ठेवायची सोय नाही. ‘‘सर, मी उठलो तर बाकीचे तिघे हरतात. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना तोंड कसं दाखवू?’’

तो आज्ञाभंगाचे समर्थन करील अशी माझी अपेक्षा होती. तो तर शब्द पाळण्याविषयी बोलत होता! चौथी आज्ञा त्याला पाठ आहे. पण साडेनऊला त्याच्यापुढे दोन निष्ठा उभ्या राहतात, आईची हाक आणि तिघांचा विश्वास. आई रागावली तरी सकाळी डबा भरून देणारच, याची त्याला खात्री आहे. मित्रांची तशी खात्री नाही. म्हणून तो जिथे प्रेम पक्के आहे तिथेच उधारी ठेवतो. आपण मोठी माणसे तरी वेगळे काय करतो? साहेबाचा फोन पहिल्या घंटीला उचलतो आणि घरच्यांना ‘थांब जरा’ म्हणतो.

निष्ठा खरी असली तरी तिचा सौदा करणारा कोणी तिसराच आहे, हे मात्र मी त्याला सांगितले. रोज हजेरी लावली की बक्षीस, पेटी उघडली की आत काय निघेल ते नशिबावर. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही असे झाले की पक्षी थांबायचे नावच घेत नाही. ही विद्या आता नववीतल्या मुलाच्या खिशात आहे. त्यामुळे सगळा दोष मुलाच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. तरी धावून गेला तो मात्र तोच. त्याबद्दल वडिलांची क्षमा मागायलाच हवी, हेही मी बोललो. तो गप्प राहिला.

मग बंदी घालावी का? चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढीच मुभा ठेवली. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाईन खेळ बंद केले होते. पुढे त्याच सरकारने तो कायदा मागे घेतला आणि २०२२ पासून वेळ ठरवण्याचे काम मुलांच्या आणि पालकांच्या हाती परत दिले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण या मुलाचा खेळ त्यात येत नाही.

७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेल्या कार्लो अक्युतिसचे उदाहरण हल्ली पालक मुलांच्या तोंडावर फेकतात. तो आठवड्यातून एकच तास व्हिडिओ गेम खेळत असे. खरे आहे. पण ती मर्यादा त्याने स्वतः घातली होती, हे सांगायचे आपण विसरतो. आणि खेळणे मुळातच वाईट, असेही कोणी समजू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की अतिखेळ हा जसा दोष आहे, तसा खेळाचा पूर्ण अभाव हाही दोषच आहे.

आईला मी एवढेच सांगितले, की हाक साडेनऊला मारू नका, नऊला मारा आणि ‘यापुढे नवी मॅच नाही’ असे आधीच ठरवा. ठरवायला मुलालाही बसवा. तो बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग पप्पांचा मोबाईल?’’ वडिलांना ते मुळीच आवडले नाही. ‘‘मी कमावतो, मला नियम लावतो का?’’ दोन दिवस घरात पुन्हा तणाव. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी फ्रीजवर दोन मोबाईल दिसले, कोणी काही बोलले नाही.

परवा ती पुन्हा भेटली. सात दिवसांतून चार दिवस नियम पाळला जातो, म्हणाली. क्षमा अजून मागितलेली नाही, वडीलही आपणहून बोललेले नाहीत. भाजी हवी असली तरी ती तिच्यामार्फत मागतात. गुरुवारी मात्र मुलगा हाक मारण्याआधीच येऊन बसला. लोकल उशिरा धावत होती, वडील आले नव्हते. तिने ताट वाढले तरी तो हात लावेना.

‘‘पप्पा येऊ देत,’’ म्हणाला.