वाडेकर का हरले?

२००१ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला अजित वाडेकर उभे राहिले आणि शरद पवारांकडून हरले. २०११मध्ये विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना हरवलं. राजकारण्यांनी क्रिकेट बळकावलं, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. मत कोणाला आहे ते बघा ना. मुंबईत मतदार म्हणजे मैदानांवरचे क्लब, जिमखाने, कचेऱ्यांचे आणि शाळा-कॉलेजांचे संघ. त्यांना खेळपट्टी हवी, मैदानाच्या परवानग्या हव्यात, मोठ्या सामन्याची चार तिकिटं हवीत. ही कामं एका फोनवर करून देणाऱ्याला कव्हर ड्राइव्ह यावाच लागतो असं नाही. क्लबांनी आपलं हित चांगलं ओळखलं.

बीसीसीआयचा कारभारही याच पायावर उभा आहे. १९२८ची ही संस्था तमिळनाडूत नोंदलेली एक सोसायटी. तिचे सभासद प्रामुख्याने राज्य संघटना. तिकीट काढणारे, टीव्हीसमोर बसणारे आपण त्यात कुठेच नाही. संघटनांचा नकाशाही जुन्या संस्थानांचा वारसा सांगणारा. गुजरातची तीन मतं : गुजरात, बडोदा, सौराष्ट्र. आपलीही तीन : मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. आणि बिहारचा संघ वर्षानुवर्षं रणजीबाहेर. तो परतला २०१८-१९च्या हंगामात.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६मध्ये ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं; राज्यात संघटना कितीही असोत, मत एकच. कागदावर न्याय्यच. पण लागोपाठ दोनदा रणजी जिंकणाऱ्या विदर्भाने मतासाठी आपली पाळी येण्याची वाट बघायची? २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढली, ते मला पटलं. पदाधिकाऱ्यांच्या सक्तीच्या विश्रांतीची अट २०२२मध्ये सैल केली, ते नाही पटलं. आता राज्यात सहा आणि बोर्डात सहा, अशी सलग बारा वर्षं खुर्ची सांभाळता येते.

खेळाडू वर पोचतच नाहीत असंही नाही. २०१९मध्ये सौरव गांगुली बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. वर नाव आधी ठरतं, निवडणूक नंतर होते. ऑक्टोबर २०२२च्या एकाच आठवड्यात १९८३च्या विश्वविजेत्या संघातल्या दोघांनी वरच्या आणि खालच्या निवडणुकीतला फरक अनुभवला. राज्य संघटनांचं आधीच एकमत झालेलं असल्याने रॉजर बिन्नी मतदानाविनाच देशाच्या क्रिकेटचे अध्यक्ष झाले. संदीप पाटील मुंबईत क्लबांकडे मतं मागायला गेले. समोर पवार आणि भाजपचे आशीष शेलार यांचं एकत्र पॅनेल होतं. पाटील पडले.