सोळा टक्के

एक्सेलमध्ये ‘गोल सीक’ नावाची एक सोय आहे. एरवी आपण आकडे भरतो आणि खाली उत्तर येतं. गोल सीकमध्ये सगळं उलटं. उत्तर आधी सांगायचं आणि कुठली चौकट हलवायची ते दाखवायचं. मग एक्सेल त्या चौकटीतला आकडा सरकवत सरकवत तुम्हाला हव्या त्या उत्तरापाशी आणून सोडतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर आकड्यांशीच खेळतो, तरी ही सोय मी खऱ्या कामासाठी एकदाच वापरली. माझ्या मोठ्या आईच्या विरोधात.

मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. आमच्याकडे वऱ्हाडात काकू नाही म्हणत, मोठी आई म्हणतात. आमचं घर कौंडण्यपूरचं. वर्धा नदीच्या काठावरचं, रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखलं जाणारं गाव. दर आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. दुकान मात्र तिवशाला. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकणारं कृषी केंद्र. बाबा आणि मोठे बाबा दोघांची निम्मी-निम्मी भागीदारी. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मोठे बाबा गेले.

१९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर भागीदार मेला की फर्म विसर्जित होते. आणि उरलेल्या भागीदारानं हिशोब न मिटवता धंदा तसाच पुढे चालवला, तर ३७ व्या कलमानुसार गेलेल्याचे वारस दोनपैकी एक मागू शकतात: त्याच्या हिश्श्याच्या मालमत्तेवर नंतर झालेला नफा, किंवा त्या हिश्श्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. बाबांनी दुकान चालू ठेवलं. दोन वर्षं घरातल्या घरात बोलणी झाली, मग मोठ्या आईच्या जावयानं अमरावतीच्या कोर्टात दावा टाकला. भांडण असं नव्हतंच कोणाचं. निम्मा हिस्सा तिचा, हे बाबांनाही मान्य होतं. अडलं होतं एकाच प्रश्नावर. निम्मा कशाचा?

माल मोजता येतो, उधारीची वही मोजता येते. पण चालतं दुकान म्हणजे त्याहून काहीतरी जास्त असतं, आणि त्या ‘काहीतरी’ची किंमत काढायला बाबांनी एक सीए गाठले. शीट मात्र मीच बनवली, कारण घरात लॅपटॉप माझा.

गणित तसं सोपं आहे. पुढच्या वर्षाचा नफा घ्यायचा. समजा १० लाख. धंद्यात जितका धोका, तितका परताव्याचा दर मोठा धरायचा. त्यातून नफ्याच्या वाढीचा दर वजा करायचा आणि उरलेल्या टक्क्यांनी नफ्याला भागायचं. मी पहिल्यांदा १२ टक्के दर आणि ५ टक्के वाढ धरली. फरक ७ टक्के. दुकानाची किंमत आली १ कोटी ४३ लाख. सीएंनी फोनवर फक्त एवढं विचारलं, “आपण कोणाकडून आहोत?” मग म्हणाले, थोडं कॉन्झर्वेटिव्ह करा.

बाबा जास्तीत जास्त ३५ लाख उभे करू शकणार होते. म्हणजे दुकान ७० लाखांचं हवं. मी वाढ ५ वरून २ वर आणली आणि दराच्या चौकटीवर गोल सीक लावलं. एक्सेलनं १६.२९ दिलं. ते फारच संशयास्पद दिसत होतं, म्हणून मी १६ केलं. गोल आकडा प्रामाणिक दिसतो. दुकान झालं ७१ लाख ४३ हजारांचं, पहिल्या उत्तराच्या बरोबर निम्मं.

आता मला ज्याचा त्रास होतो तो भाग इथून पुढे आहे. त्या अहवालात १६ टक्क्यांची कारणं दिली होती, आणि त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. धंदा पावसावर अवलंबून. खरं. उधारी अडकते. खरं. तिवशात दुकानं वाढताहेत. खरं. आणि शेवटचं कारण सीएंनी स्वतः घातलं होतं: व्यवसाय प्रामुख्यानं दिवंगत भागीदाराच्या व्यक्तिगत संबंधांवर उभा असल्यानं त्यांच्या पश्चात जोखीम वाढली आहे. हेही खरं. अर्ध्या तालुक्यातले शेतकरी मोठ्या बाबांचं नाव घेऊन दुकानात यायचे. फवारणीचं औषध कधी मारू नये हे सांगणारा दुकानदार म्हणून त्यांची ख्याती होती (विकणाऱ्यानं विकत घेऊ नको म्हणायचं, हे मी दुसऱ्या कुठल्या दुकानात अजून पाहिलेलं नाही). मूल्यांकनाच्या पुस्तकांत या वजावटीला रीतसर नाव आहे, जगभर ती वापरतात. पण ती इथं लावली म्हणजे काय झालं बघा. एक माणूस मेला, त्याच्या मरणानं दुकानाची किंमत उतरली, आणि त्या उतरलेल्या किमतीचा निम्मा हिस्सा त्याच्या बायकोला मिळाला. तो जितका चांगला माणूस, तितकं तिच्या पदरात कमी.

मग मी खोटं बोललो का? मी हा प्रश्न खूप दिवस फिरवून पाहिला. खोटं बोलायला आधी एक खरं लागतं. खिशात शंभराची नोट असताना पन्नासची आहे म्हटलं तर ते खोटं. दुकानाची ‘खरी किंमत’ कुठल्या खिशात असते? ते दुकान कोणी विकत नव्हतं, कोणी घेत नव्हतं. कायदासुद्धा तज्ज्ञाच्या बोलण्याला मतच म्हणतो. पूर्वी पुरावा कायद्याचं ४५ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ३९ वं आहे. कोर्ट ते मत ऐकतं, पण त्याला बांधलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या निकालांत सांगितलंय की तज्ज्ञानं आपल्या निष्कर्षामागची सगळी सामग्री आणि कारणं न्यायाधीशासमोर ठेवावीत, म्हणजे त्या विषयातला नसलेला न्यायाधीशही स्वतःचं मत बनवू शकेल.

मोठ्या लोकांचंही हेच चालतं, हे कळल्यावर मला आधी बरं वाटलं होतं. टाटा सन्समधला शापूरजी पालनजी समूहाचा १८.३७ टक्के हिस्सा घ्या. २०२० मध्ये त्या समूहानं सर्वोच्च न्यायालयात त्याची किंमत सांगितली सुमारे १ लाख ७५ हजार कोटी. टाटांच्या वकिलांनी सांगितली ७० ते ८० हजार कोटी. शेअर तेच, कंपनी तीच. २६ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टानं त्या आकड्यांच्या भानगडीत पडायचं नाकारलं आणि दोन्ही बाजूंना कंपनीच्या नियमावलीतल्या ७५ व्या कलमाचा किंवा दुसरा कायदेशीर रस्ता मोकळा ठेवला.

किंवा डेल. होय, लॅपटॉपवालीच. २०१३ मध्ये मायकेल डेलनं एका गुंतवणूक कंपनीला सोबत घेऊन आपली कंपनी शेअरमागे १३.७५ डॉलर देऊन शेअर बाजारातून काढून घेतली. काही भागधारक अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात गेले. भागधारकांचा तज्ज्ञ म्हणाला, शेअरची किंमत २८.६१ डॉलर. कंपनीचा तज्ज्ञ म्हणाला, १२.६८. दोघेही या विषयातले नावाजलेले अभ्यासक, दोघांची पद्धतही सारखीच. २०१६ मध्ये न्यायाधीशानं स्वतः गणित करून १७.६२ काढले, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये वरच्या कोर्टानं तो निकालही फिरवला, कारण बाजारात ठरलेल्या भावाला पुरेसं वजन दिलं नव्हतं.

दोन हुशार माणसं प्रामाणिकपणे मोजतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या दुपटीहून मोठं येतं, हे मी समजू शकतो. पण मोठं उत्तर नेमकं ज्याला मोठं हवं त्याच्याच तज्ज्ञाचं कसं येतं? प्रामाणिक चूक असती तर ती कधीतरी उलट्या बाजूलाही गेली असती. आमच्या कामात अशी चूक दिसली की आम्ही तिला चूक म्हणत नाही, कोणीतरी ती लिहिली आहे असं म्हणतो.

माझ्या रूममेटनं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली. तो म्हणाला, समज खरी किंमत १ कोटी आहे. समोरचा १ कोटी ४० लाख म्हणणार. तू ७० म्हणालास तर मधला आकडा १ कोटी ५ लाख, म्हणजे खऱ्याच्या जवळ. तू सरळपणे १ कोटी म्हणालास तर मधला आकडा १ कोटी २० लाख. तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल तुझ्या बापाच्या नावावर फाटणार. दोघांनी ताणायचं आणि न्यायाधीशानं मधे कापायचं, अशीच व्यवस्था आहे. मला हे पटलं होतं. अजूनही गणित म्हणून पटतं.

फक्त समोरून १ कोटी ४० लाख आलेच नाहीत. मोठ्या आईच्या बाजूनं तज्ज्ञच नव्हता. जावई शिक्षक, वकिलाची फी भरतानाच दमलेला. मध्यस्थी केंद्रातल्या टेबलावर मूल्यांकनाचा एकच कागद होता, तो आमचा. त्याच्या आसपास घासाघीस होऊन ४० लाखांवर तडजोड झाली, मधल्या काळाच्या नफ्याचा मुद्दाही त्यातच विरघळला. बाहेर व्हरांड्यात मोठी आई मला म्हणाली, “तू शिकेल हायेस बाप्पा. तूनं कागद केला त बराबरच असन.”

गावात वाटणीची एक जुनी रीत आहे. वाटे करणारा शेवटी उचलतो. एकानं वावराचे दोन भाग पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी निवडायचं. मग भाग पाडणारा आपोआप नीट पाडतो. भागीदारीच्या करारांतही असं कलम घालतात: एकानं किंमत सांगायची, आणि त्या किमतीत घ्यायचं की विकायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं. मला वाटलं होतं, हेच उत्तर. मग लक्षात आलं की आमच्याकडे ते चाललं नसतं. बाबांनी ७१ लाख म्हटलं असतं, तरी मोठी आई त्या भावात दुकान घेणार कशी? ना पैसा, ना खता-औषधांचे परवाने, ना वय. जिला उचलायचा पर्यायच नाही, तिच्यासमोर वाटे कसेही करता येतात. कोर्ट स्वतः हिशोब तपासायला कमिशनर नेमू शकतं, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद आहे. पण ते सहसा कोणीतरी मागावं लागतं. आमच्यापैकी कोणी मागितलं नाही, आणि का नाही हे मला माहीत आहे.

आजी तुळाभाराची गोष्ट सांगायची. सत्यभामा कृष्णाला नारदाला दान देऊन बसते, सोडवायचा तर वजनाइतकं धन द्या. सगळे दागिने ठेवले तरी पारडं हलत नाही, आणि रुक्मिणीचं तुळशीचं एक पान ठेवल्यावर हलतं. लहानपणी मी विचारलं होतं, पान किती ग्रॅमचं होतं? आजीनं पाठीत धपाटा घातला. आता वेगळ्या शंका येतात. वजन ज्याला मिळणार, तो नारदच तिथं वजन करायला उभा. आणि गोष्ट सांगणारे आम्ही कौंडण्यपूरचे, लेक आमची. आमच्या गावात सत्यभामेचं पारडं जड झालेलं कोणी कधी ऐकलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी एक प्रयोग केला. जुनी शीट काढली, नावं पुसली, दर आणि वाढ या दोन चौकटी रिकाम्या केल्या आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीला दिली. ती आधी एका बँकेत कर्जाचे अर्ज तपासायची. कोणाचं दुकान, कोण देणार, कोण घेणार, काही सांगितलं नाही. तिनं धंद्याची माहिती वाचून १४ आणि ४ भरले. उत्तर १ कोटी. मोठ्या आईचा हिस्सा ५० लाख.

तिचा आकडा म्हणजे देवाचा आकडा नाही. दुसऱ्या कोणी १३ भरले असते. पण तिनं तो भरला तेव्हा उत्तर कुठं जायला हवं हे तिला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं. मला सापडलेला फरक एवढाच. तो कागदावर कुठंच दिसत नाही. दोन्ही फाइल शेजारी उघडल्या तर दोन्हींत सूत्र तेच, कारणं तीच, एका चौकटीत १६ आणि एकीत १४. उलटतपासणीत वकिलानं मला विचारलं असतं, “१६ का?” तर मी दहा मिनिटं खरं बोलू शकलो असतो. “१६ आधी ठरलं की ७० लाख आधी?” असं विचारलं असतं, तर काय केलं असतं माहीत नाही. तसं विचारणारं कोणी नव्हतं.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा दोन्ही फाइल बाबांना दाखवल्या. मोबाइलवर, मोठं करून. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

“मंग तवाच काऊन नाही बोल्ला?”

मी गप्प. डिक्री झालेली, पैसे दिलेले. दहा लाखांचं काय करायचं, हे मला विचारायचं होतं. ते उठून ओट्यावर गेले, बराच वेळ नदीकडे तोंड करून बसले. मला वाटलं विषय संपला. मग तिथूनच म्हणाले,

“तिच्या वावराचं बी-खत तीन साल झाले आपल्या दुकानातून जाते. बिल मी कधी लावलं नाही. थे धरलं का तूनं?”

ते मी कुठल्याच फाइलमध्ये धरलं नव्हतं.