घर विकणे आहे

माणसाने घर विकायला काढले की त्याला त्या घराचे गुण प्रथमच दिसू लागतात. कालपर्यंत डासांचे माहेरघर असलेली वास्तू एका रात्रीत 'निसर्गाच्या सान्निध्यात' जाते. एस.टी. स्टँड लांब असेल तर घर 'गजबजाटापासून दूर' असते, दाराशी असेल तर 'सर्व सोयींनी युक्त'!

मी बी.कॉम. आहे. किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते, असे पेपरात लिहूनच पास झालो. पुढे बँकेत कर्जाच्या फायली चाळताना कळले, की किमतीला रस्ता, पाणी, सातबारा, बांधकामाचे वय असे पुष्कळ पाय असतात. आमच्या इंदुरीचेच बघा. तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, २०२० मध्ये थांबला, पुढे तो ह्युंदाईने घेतला. दर वेळी आमच्या भिंती होत्या तिथेच होत्या. एजंटांचे चेहरे तेवढे वरखाली झाले.

नदीचे गणित आणखी निराळे. इंद्रायणी खिडकीतून दिसली तर भाव चढतो, दारातून आत आली तर उतरतो. खाली चिखलीला तिच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशावरून मे २०२५ मध्ये पाडले गेले. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. ती नकाशावर निळी असते. अंगणात कुणी रंगवून ठेवत नाही. ज्याला ती ठाऊक त्याचा भाव वेगळा, ज्याला नाही त्याचा वेगळा.

आता मुलीच्या कॉलेजसाठी आम्ही तळेगावात जायचे ठरवले आणि हा प्रश्न माझ्याच घरात शिरला. आमची मागची खोली पावसाळ्यात ओल धरते. एजंट म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक मार्चमध्ये आणू. भिंत खडखडीत असते. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपण काय हरिश्चंद्राचे वंशज?"

या गृहस्थाने सिसेरो वाचला नसावा. पण इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने हाच वाद मांडला आहे. घरात साप-किरडू आहेत, लाकूड किडके आहे आणि हे फक्त मालकाला माहीत आहे. त्याने सांगावे का? डायोजेनिस नावाचे तत्त्वज्ञ म्हणतात, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्यांचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याला. आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलमही त्याच बाजूचे : घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगावा. मार्चमधली कोरडी भिंत याहून चांगले उदाहरण कुठले?

तरीही दीड-दोन लाखांचा प्रश्न आला की कलमे पुसट दिसू लागतात.

घर बघायला एक जोडपे आले, बरोबर म्हातारी आई. आजींनी मागच्या खोलीच्या खिडकीतून भंडाऱ्याच्या डोंगराला हात जोडले आणि म्हणाल्या, "ही खोली माझी हो." मग पिशवीतून दम्याचा पंप काढला. ओलीबद्दल कुणीच काही विचारले नाही. एजंट छताकडे बघत होता.

मी म्हणालो, "आजी, पुढची खोली घ्या. ही जुलैत ओली होते."

सौदा मोडला नाही. त्यांनी भिंतीच्या कामाचे दीड लाख वजा करून घेतले. बँकेच्या भाषेत हा शुद्ध तोटा. पण गप्प बसलो असतो, तर दर जुलैत त्या पंपाचा आवाज मला तळेगावात ऐकू आला असता आणि त्या कर्जाची मुदत कुठल्याच फायलीत लिहिलेली नाही.

सौ. म्हणाली, "बरं केलंत." एजंट मात्र जाताना म्हणाला, "साहेब, तुम्ही बँकेत आहात तेच बरंय. आमच्या धंद्यात तुमचं घरच विकायची वेळ आली असती."